परदेशातली स्वस्त शहरं: राहण्याच्या खर्चाचा ताळा कसा करावा? घरून काम करणाऱ्या सीमाभागातल्या मंडळींसाठी

पुण्याच्या नाहीतर बंगळूरच्या कंपनीचं काम घरबसल्या करणारी मुलंमुली आता बेळगावच्या टिळकवाडीपासून निपाणीपर्यंत गल्लोगल्ली आहेत. त्यातल्या बऱ्याच जणांचा प्रश्न एकच असतो: "थायलंड स्वस्त पडतंय की व्हिएतनाम?" सोबत कुठल्यातरी वेबसाइटचा स्क्रीनशॉट असतो. एका बाजूला बेळगाव, दुसऱ्या बाजूला व्हिएतनाममधलं दा नांग आणि मधे टक्केवारी. तसल्या टक्केवारीवर विसंबून तिकीट काढलेले तिघे मला माहीत आहेत, त्यातला एक मी. तिघांचाही हिशेब एकाच जागी चुकला. आम्ही शहराची सरासरी धरली, स्वतःचा महिना धरला नाही.

पुढच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा. लोक सुरुवात घरभाड्यापासून करतात आणि व्हिसा शेवटी बघतात. मग आठ दिवस खपून केलेला तक्ता फेकून द्यावा लागतो. एका शहराला साधारण दोन संध्याकाळी पुरतात. एका वेळी तीनपेक्षा जास्त शहरं घेऊ नका.

## पायरी १: आधी कंपनीची लेखी परवानगी

नोकरी पगारी असेल तर हिशेबाच्या आधी हे काम. "घरून काम" याचा अर्थ कंपनीच्या लेखी बहुतेक वेळा "भारतातल्या घरून काम" असाच असतो. दुसऱ्या देशातून लॉगिन केलं की डेटा सुरक्षेचा, कराचा आणि विम्याचा प्रश्न उभा राहतो. मॅनेजर फोनवर "चालेल की" म्हणाला, यावर जाऊ नका. ईमेलवर देश, तारखा आणि कामाचे तास लिहून घ्या. रिमोट कामाच्या व्हिसाला नोकरीचं पत्र लागतं, तेव्हा हाच ईमेल पुढे उपयोगी पडतो.

फ्रीलान्स काम करणाऱ्यांनी गेल्या वर्षाची बिलं, करार आणि आयकर विवरणपत्र एका फोल्डरमध्ये जमवावीत.

## पायरी २: घरची वही उघडा

गेल्या तीन महिन्यांचे बँक आणि यूपीआयचे व्यवहार काढा आणि प्रत्येक खर्च दोन खात्यांत वाटा. एक खातं तुमच्याबरोबर जाणारं: जेवण, चहा, औषधं, रिचार्ज, जिम, केस कापणं, रविवारचं बाहेरचं खाणं. दुसरं खातं घरी मागे राहणारं. घराचा किंवा गाडीचा हप्ता, घरपट्टी, पाणीपट्टी, एलआयसी, आईवडिलांची औषधं, धुण्याभांड्याच्या मावशींचा पगार, दुधाचं बिल हे सगळं त्यात येतं.

दुसरं खातं जवळपास सगळेच विसरतात. तुम्ही थायलंडमधल्या चियांग माईला गेलात म्हणून शहापुरातल्या फ्लॅटचा हप्ता थांबत नाही. भाड्याच्या घरात राहत असाल तर ते सोडणार की ठेवणार, हे आताच ठरवा. सहा महिन्यांपेक्षा कमी काळासाठी घर सोडलं तर सामान हलवणं, परतल्यावर नवं घर शोधणं आणि नवं डिपॉझिट यात वाचलेलं भाडं बहुधा संपून जातं.

आपल्याकडचा एक खास सापळा इथेच दाखवतो. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेमुळे सीमाभागातल्या बऱ्याच घरांचं लाईट बिल शून्य येतं. योजनेची कमाल मर्यादा महिन्याला २०० युनिटांची. त्यामुळे वहीत विजेच्या पुढे शून्य असतं आणि परदेशाच्या रकान्यातही मनात शून्याच्या आसपासचाच आकडा बसतो. माझं तसंच झालं. चियांग माईच्या पहिल्या महिन्याचं बिल आलं तेव्हा मी मीटरखाली उभं राहून आकडे तीनदा वाचले. मीटर बरोबर होता, माझा रकाना चुकला होता. म्हणून वीज कंपनी हेस्कॉमच्या बिलावरची रक्कम बघू नका, युनिट बघा आणि वहीत युनिटच लिहा.

तपासा: दोन्ही खात्यांची बेरीज तीन महिन्यांच्या एकूण खर्चाशी जुळते का? दोनतीन हजारांचा फरक चालेल. दहा हजारांचा असेल तर काहीतरी राहिलं आहे. बहुतेक वेळा वर्षातून एकदा येणारे खर्च राहिलेले असतात: विम्याचे हप्ते, गणपती, लग्नातले आहेर.

## पायरी ३: किती दिवस राहता येईल, हे आधी

शहर कितीही स्वस्त असो, तिथे कायदेशीर किती दिवस राहता येतं यावर महिन्याचा खरा खर्च ठरतो.

थायलंडने जुलै २०२४ मध्ये रिमोट काम करणाऱ्यांनाही चालणारा डेस्टिनेशन थायलंड व्हिसा सुरू केला. मुदत पाच वर्षं, प्रत्येक प्रवेशाला १८० दिवस, फी १०,००० भाट (थायलंडचं चलन). त्यासाठी खात्यात ५ लाख भाट दाखवावे लागतात. भाट २.७५ रुपयांना धरला तर ही रक्कम पावणेचौदा लाखांच्या घरात जाते. ती जमवायला एफडी मोडणार असाल तर बुडालेलं व्याज हाही त्या शहराचाच खर्च. त्याला रकाना द्या.

व्हिएतनामचा ई-व्हिसा ऑगस्ट २०२३ पासून ९० दिवसांचा मिळतो. एका प्रवेशाला २५ डॉलर, अनेक प्रवेशांना ५० डॉलर. रिमोट कामासाठी वेगळा व्हिसा तिथे नाही. ९० दिवस संपले की देशाबाहेर जाऊन नवा व्हिसा घ्यायचा, म्हणजे प्रवास आणि हॉटेल आलंच.

मलेशियाचा रिमोट काम करणाऱ्यांसाठीचा डी-रांताऊ नोमॅड पास २०२२ पासून आहे. तंत्रज्ञान क्षेत्रातल्या माणसाला वर्षाला २४,००० डॉलर उत्पन्न दाखवावं लागतं, बाकीच्या क्षेत्रांसाठी ही अट बरीच वर आहे. बालीला राहायचं तर इंडोनेशियाच्या रिमोट कामगार व्हिसाची अट वर्षाला ६०,००० डॉलरची आहे. आपल्याकडच्या बहुतेकांसाठी बालीचा विषय इथेच संपतो, मग तिथल्या व्हिलांची भाडी बघण्यात रात्र घालवू नका.

पर्यटक व्हिसावर लॅपटॉप उघडून काम करणं अनेक देशांच्या नियमांत बसत नाही. "सगळे करतात" हे उत्तर विमानतळावरच्या खिडकीत चालत नाही. व्हिसाचे नियम आणि फी बदलत राहतात, तेव्हा अर्जाच्या आठवड्यात त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर पुन्हा बघा.

सावध: ई-व्हिसा शोधताना सरकारी दिसणाऱ्या एजंटांच्या साइट सगळ्यात वर येतात आणि दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. थायलंडचं डिजिटल आगमन कार्ड तर मोफत आहे. त्याचे पैसे मागणारी साइट लगेच बंद करा.

आता कागदपत्रं, कारण आपल्या भागात अडचण इथे येते. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं नाव सरकारदरबारी बेळगावी झालं. त्यामुळे कुणाच्या जुन्या कागदावर बेलगाम आहे, बँकेच्या पासबुकावर तेच आहे आणि आधारवर बेळगावी. नावांचंही तसंच. शाळेच्या दाखल्यावर कन्नडमधून इंग्रजीत आलेलं स्पेलिंग एक, पॅनवर दुसरं. कुठे वडिलांचं नाव मधे, कुठे नुसतं आद्याक्षर. माझ्या अर्जात बँक स्टेटमेंटवर एक शहर आणि पासपोर्टवर दुसरं होतं. खुलाशाचं पत्र मागितलं गेलं, त्यात बारा दिवस गेले आणि तोवर तिकीट महाग झालं. अर्जाच्या महिनाभर आधी पासपोर्ट, पॅन, आधार आणि बँक स्टेटमेंट टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि नाव-पत्ता अक्षर न् अक्षर ताडून बघा. कन्नडमधला दाखला जोडायचा असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून घ्या. त्याला पैसे आणि दिवस दोन्ही लागतात.

## पायरी ४: घरभाडं, पाच प्रश्नांसह

सर्वात जास्त वेळ इथे द्या. तुलनेच्या वेबसाइटवरचे आकडे लोकांनीच भरलेले असतात. नुंबेओ या अशाच साइटचा निर्देशांक न्यू यॉर्कला १०० धरून काढलेला आहे. बेळगावसारख्या शहराच्या नोंदी थोड्या, त्यामुळे दोनचार जणांनी काहीही भरलं तरी सरासरी हलते. दिशा कळायला ती साइट ठीक आहे, पण रकान्यात तो आकडा लिहू नका.

त्याऐवजी त्या शहरातल्या भाड्याच्या फेसबुक ग्रुपवर किंवा स्थानिक घरांच्या साइटवर जा. तुम्हाला खरोखर राहता येईल अशी दहा घरं निवडा, गेल्या महिनाभरात टाकलेलीच. भाडी चढत्या क्रमाने लावा आणि सहाव्या क्रमांकाचं भाडं धरा. सर्वात स्वस्त घर धरू नका, ते आधीच गेलेलं असतं नाहीतर त्यात काहीतरी खोट असते. जुने व्हिडिओही नकोत. २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर रशियातून मोठ्या संख्येने लोक जॉर्जियात आले आणि तिबिलिसीची भाडी बघता बघता चढली. त्याआधीचे "स्वस्त तिबिलिसी" सांगणारे व्हिडिओ अजून फिरतात.

मग प्रत्येक घरमालकाला पाच प्रश्न विचारा.

एक, विजेचा दर युनिटला किती? थायलंडमध्ये काही इमारतींत सरकारी दराने बिल येतं, म्हणजे युनिटला चारपाच भाट. बऱ्याच अपार्टमेंटमध्ये मालक स्वतःचा दर लावतो, सात-आठ भाट. एसी लावून महिन्याला ३०० युनिट जळले तर साडेचार भाटाने १,३५० होतात आणि आठ भाटाने २,४००. रुपयांत हा फरक जवळजवळ २,९०० चा आहे. ५०० भाट स्वस्त म्हणून घेतलेली खोली अशी महाग पडते. व्हिएतनाममध्येही मालकाचा दर वेगळा असतो, विचारूनच घ्या.

दोन, पहिल्या दिवशी हातात किती रोख लागेल? मलेशियात साधारण रीत अशी: दोन महिन्यांचं भाडं डिपॉझिट, अर्ध्या महिन्याचं लाईट-पाण्याचं डिपॉझिट आणि चालू महिन्याचं आगाऊ भाडं. म्हणजे साडेतीन महिन्यांचे पैसे एकदम, शिवाय भाडेकराराची स्टॅम्प ड्यूटी. बालीत तर वर्षाचं भाडं एकरकमी मागणारे मालक पुष्कळ. डिपॉझिट परत मिळतं म्हणून ते खर्चात धरू नका, पण पैसे तिथे अडकून राहतात, तेव्हा "अडकलेले" असा वेगळा रकाना ठेवा.

तीन, परदेशी माणसाची नोंद मालक करतो का? थायलंडमध्ये टीएम-३० ही नोंद करणं मालकाचं काम आहे. व्हिएतनाममध्येही तात्पुरत्या निवासाची नोंद पोलिसांकडे करावी लागते. "गरज नाही हो" म्हणणाऱ्या मालकाचं घर घेऊ नका, पुढे मुदतवाढीच्या वेळी तुम्ही अडकता.

चार, स्वयंपाकघर आहे का? फोटोत फ्रिज दिसतो, म्हणून आपण ओटा असेल असं धरून चालतो. थायलंडमधल्या एका खोलीच्या कितीतरी घरांत शेगडीच नसते, फ्रिज आणि मायक्रोवेव्ह तेवढा. माझ्या मावशीने मात्र माझा तक्ता बघून पहिला प्रश्न हाच विचारला होता: "भाकरी कशावर भाजायलास तिकडं?" मी हसण्यावारी नेलं. पुढे शेगडीवालं घर घ्यायला तिसऱ्या आठवड्यात जागा बदलावी लागली आणि उरलेल्या दिवसांचं भाडं गेलं.

पाच, करार किती महिन्यांचा? एका महिन्याचं आणि सहा महिन्यांचं भाडं यात फार फरक असतो. जाहिरातीतला आकडा बहुतेक वेळा वर्षाच्या कराराचा असतो.

तपासा: भाडं, वीज, पाणी, इंटरनेट आणि इमारतीची देखभाल असे पाच आकडे वेगवेगळे लिहिलेत का? "सगळं धरून" असं कुणी सांगितलं असेल तर त्यात वीज धरली आहे का, हे परत विचारा.

## पायरी ५: जेवणाची टोपली तुमची स्वतःची

वेबसाइटच्या टोपलीत गोमांस, चीज आणि वाइन असते. तुमच्या टोपलीत काय असतं? महिन्याला तांदूळ किती, कणीक किती, तूरडाळ, दूध-दही, तेल, अंडी, मासे किंवा चिकन हे किलोत लिहा आणि त्या शहरातल्या सुपरमार्केटच्या ॲपवर एकेक भाव बघा. तासाभराचं काम आहे.

भात खाणाऱ्याला आग्नेय आशिया स्वस्त पडतो. पोळी-भाकरीशिवाय ज्याचं भागत नाही, त्याला नाही. चियांग माई किंवा दा नांगमध्ये कणीक आणि तूरडाळ आयात माल म्हणून मिळते, दर त्याप्रमाणे. जोंधळ्याच्या पिठावर तर आशाच ठेवू नका. टोफू, अंडी, भाज्या आणि फळं मात्र भरपूर. मलेशियातल्या पेनांगच्या जॉर्ज टाऊनमधल्या लिटल इंडियात डाळी, कढीपत्ता, मसाले आणि केळीच्या पानावरचं जेवण सहज मिळतं. घरचं जेवण ज्याला लागतं त्याचा पेनांगचा खर्च भाडं जास्त असूनही आटोक्यात राहतो. तिबिलिसीत भारतीय वैद्यकीय विद्यार्थी बरेच आहेत, त्यामुळे भारतीय किराणा मिळतो. शिवाय ताजा पाव आणि राजम्यासारखा लोबिओ शाकाहाऱ्याला पोटभर होतो.

शुद्ध शाकाहारी असाल तर बाहेर खाण्याचा भाव वेगळा काढा. थायलंडमध्ये भाजीतसुद्धा माशाचा सॉस पडतो. "जे" अशी पिवळी-लाल पाटी असलेली दुकानं शोधा. व्हिएतनाममध्ये "चाय" हा शब्द शाकाहाराचा आहे, चहाचा नव्हे. चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथले बरेच बौद्ध लोक शाकाहार करतात, तेव्हा अशी दुकानं गजबजलेली असतात. ती दुकानं राहणार त्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत का, हे नकाशावर बघा. रोज दोनदा टॅक्सी करून जेवायला गेलात तर टोपली उलटी होते.

## पायरी ६: पैसे नेण्याचा आणि काढण्याचा खर्च

कार्डाच्या परकीय व्यवहारावर साडेतीन टक्के मार्कअप (बँकेची जादा आकारणी) असेल तर त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ४.१३ टक्के होतात. महिन्याला ५०,००० खर्च केलेत तर दोन हजारांवर रुपये नुसते कार्डाला गेले. मार्कअप कमी किंवा शून्य असलेलं कार्ड जाण्याच्या दोन महिने आधी घ्या, कारण पत्ता पडताळणीत वेळ जातो.

थायलंडमधली एटीएम परदेशी कार्डावर दर वेळी २२० भाटांच्या आसपास घेतात, म्हणजे सहाशे रुपये. पाच हजार भाट काढले तर हा भुर्दंड साडेचार टक्क्यांच्या जवळ जातो, वीस हजार काढले तर एक टक्का. थोडे थोडे काढू नका. मशीन किंवा दुकानदार "रुपयांत घेऊ का?" असं विचारतो, तेव्हा नाही म्हणा आणि स्थानिक चलन निवडा. रुपयांत म्हटलं की दर त्यांचा लागतो.

परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली (एलआरएस) आर्थिक वर्षात १० लाख रुपयांच्या वर रक्कम पाठवली तर राहण्या-फिरण्याच्या अशा कारणासाठी वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ घेतलेला कर, कापला जातो. तो आयकरात वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात. हेही "अडकलेले" या रकान्यात.

सावध: बँकेचे ओटीपी भारतीय सिमवर येतात. निघण्याआधी आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करा, घरी बसून एकदा तपासा आणि सिम जिवंत ठेवणारा रिचार्ज रकान्यात लिहा. सिम बंद पडलं तर खात्यात पैसे असून हात रिकामे राहतात.

## पायरी ७: एकदाचे खर्च महिन्यांवर वाटा

शहरांचा क्रम याच पायरीवर बदलतो. हिशेबाची रीत दाखवायला आकडे घेतो, तुमचे वेगळे येतील. दर धरले आहेत भाट २.७५ रुपये आणि डॉलर ९० रुपये.

चियांग माई, सहा महिने. व्हिसा २७,५००, विमान आणि विमानतळापर्यंतचा प्रवास ३०,०००, विमा १२,०००, पहिल्या आठवड्याचं हॉटेल आणि घरात घ्यायच्या वस्तू १२,०००. एकूण ८१,५००. सहाने भागले तर महिन्याला १३,५८३. चालू खर्च ५८,००० धरला तर महिना पडला ७१,५८३ ला.

दा नांग, तीन महिने. व्हिसा २,२५०, प्रवास ३२,०००, विमा ६,०००, हॉटेल आणि वस्तू १२,०००. एकूण ५२,२५०. तीनने भागले तर १७,४१७. चालू खर्च ५२,००० धरला तर महिना ६९,४१७.

चालू खर्चात दा नांग ६,००० ने स्वस्त दिसत होतं, खरं अंतर उरलं २,१६६. आता चियांग माईला तीनच महिने राहून बघा. विमा निम्मा होतो, बाकी सगळं तसंच. एकूण ७५,५०० भागिले तीन म्हणजे २५,१६७, त्यात चालू खर्च ५८,००० मिळवला की महिना ८३,१६७ वर जातो. मुक्काम किती दिवसांचा, हे ठरवल्याशिवाय "कुठलं स्वस्त" या प्रश्नाला उत्तर नाही.

दोन्ही बेरजांत पायरी २ मधलं मागे राहणारं खातं मिळवा. ते १४,००० असेल तर खिशातून जाणारे आकडे ८५,५८३ आणि ८३,४१७. हेच आकडे तुमच्या बेळगावच्या महिन्याशी ताडा.

विमानतळापर्यंतचा प्रवास हलक्यात घेऊ नका. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून देशांतर्गत विमान पकडून पुढे जाणं, रस्त्याने मुंबई किंवा बंगळूर (दोन्ही सुमारे ५०० किलोमीटर), की गोवा, या पर्यायांचा एकूण खर्च मांडा. वेगवेगळ्या तिकिटांवर जोडविमान घेतलं आणि पहिलं चुकलं तर दुसऱ्याचे पैसे बुडतात. पावसाळ्यात घाटातून गोव्याला जाणार असाल तर अर्धा दिवस हाताशी ठेवा.

## पायरी ८: ऋतू, घड्याळ आणि कराचे दिवस

चियांग माईत फेब्रुवारी ते एप्रिल शेतं आणि जंगलं जळतात, हवा धुराने भरते. त्या काळात भाडी उतरतात आणि नेमक्या तेव्हाच्या जाहिराती बघून लोक भुलतात. हवा शुद्ध करणारं यंत्र किंवा दक्षिणेला महिनाभराचा मुक्काम, यातलं एक रकान्यात घाला. दमा असेल तर ते महिने सोडाच. दा नांगला ऑक्टोबर-नोव्हेंबरात जोराचा पाऊस आणि वादळं. तिबिलिसीला हिवाळ्यात घर गरम ठेवण्याचं गॅसबिल येतं. उन्हाळ्यात घेतलेल्या आकड्यात ते दिसणार नाही.

घड्याळाचाही खर्च असतो. भारतीय कंपनीचे साडेनऊ ते साडेसहा हे तास थायलंड-व्हिएतनामात अकरा ते आठ होतात, पेनांगला बारा ते नऊ. हे सोसता येतं. अमेरिकी क्लायंटचं काम असेल तर न्यू यॉर्कचे उन्हाळ्यातले नऊ ते पाच म्हणजे दा नांगला रात्री आठ ते पहाटे चार, पेनांगला नऊ ते पाच, तिबिलिसीला मात्र संध्याकाळी पाच ते रात्री एक. पहाटेपर्यंत काम करणाऱ्याला दिवसा शांत खोली लागते आणि रात्रभर उघडी कामाची जागा लागते. दोन्ही महाग असतात.

कराचे दिवस मोजा. थायलंडमध्ये कॅलेंडर वर्षात १८० दिवस, मलेशियात १८२, व्हिएतनाम आणि जॉर्जियात १८३ दिवस झाले की तिथले करनिवासी (म्हणजे तिथल्या कराच्या कक्षेत येणारे) ठरण्याचा प्रश्न येतो. भारतातला १८२ दिवसांचा नियम वेगळा आणि त्याला पोटनियम आहेत. पाच महिन्यांच्या वर जाणार असाल तर सीएला आधी भेटा आणि त्याची फीसुद्धा एकदाच्या खर्चात लिहा.

विम्याबद्दल थोडं. भारतातली नेहमीची आरोग्य पॉलिसी बहुतेक वेळा परदेशात चालत नाही. प्रवास विम्यात दिवसांची मर्यादा बघा आणि दुचाकीचं कलम वाचा. ग्राह्य परवान्याशिवाय स्कूटर चालवून अपघात झाला तर दावा नाकारला जातो. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा आणि तो त्या देशात चालतो का, त्यावर दुचाकीचा प्रवर्ग आहे का, ते तपासा.

## पायरी ९: आठ दिवसांची चाचणी

तक्ता तयार झाला की लांबचा करार करू नका. पहिला आठवडा साध्या हॉटेलात राहा आणि रोज रात्री झालेला खर्च स्थानिक चलनात लिहा. व्हिएतनामच्या दोंगमध्ये शून्य फार असतात. हजार दोंग म्हणजे साडेतीन रुपयांच्या आत-बाहेर, एवढं लक्षात ठेवलं की बाजारात गोंधळ होत नाही. सातव्या दिवशी फिरण्याचे खर्च वगळा, उरलेल्याला चारने गुणा आणि महिन्याच्या राहिलेल्या दोन दिवसांसाठी थोडं वाढवा. अंदाजापेक्षा १५ टक्क्यांच्या आत असेल तर घर घ्या. जास्त असेल तर कुठला रकाना फुगला ते बघा. माझ्या बाबतीत तो नेहमी वाहतुकीचा निघाला, कारण नकाशावरचं "दहा मिनिटं" उन्हात चालवत नाही.

घर बघायला संध्याकाळी जा आणि दिवसाही जा. त्या वाय-फायवर घरच्यांशी अर्धा तास व्हिडिओ कॉल करून बघा. किल्ली घेताना भिंती, गादी, नळ आणि एसी यांचा मालकासमोर व्हिडिओ काढा आणि मीटरच्या आकड्याचा फोटो तारखेसह त्यालाच पाठवा. डिपॉझिट परत किती दिवसांत आणि कुठल्या खात्यात येणार, हे त्याच संदेशात लिहून त्याच्याकडून "हो" घ्या. निघण्याच्या सकाळी त्याच मीटरचा दुसरा फोटो काढा.